दोन पेनीचा फोन आणि अकरा मिनिटं: वॉलेस खून खटला (लिव्हरपूल, १९३१)

तिरका उंट

जुन्या न सुटलेल्या खुनांवरच्या चर्चांत वॉलेसचं नाव नेहमी ओझरतं येतं आणि मग सगळे जॅक द रिपरकडे वळतात. म्हणून हा स्वतंत्र धागा. विनंती एकच: आधी वेळापत्रक, मग संशयित. या प्रकरणात उलटं केलं की माणूस हमखास फसतो.

विल्यम हर्बर्ट वॉलेस, वय ५२, प्रुडेन्शियल विमा कंपनीचा घरोघर फिरून हप्ते गोळा करणारा माणूस. आपल्याकडचा पिग्मी एजंट डोळ्यांसमोर आणा: वही, पिशवी, ठरलेल्या गल्ल्या. तरुणपणी काही काळ कलकत्त्यात आणि शांघायमध्ये नोकरी केलेली, मूत्रपिंडाचं जुनं दुखणं, व्हायोलिन आणि बुद्धिबळाची आवड. बायको ज्यूलिया. पत्ता: २९, वॉल्व्हर्टन स्ट्रीट, ॲनफिल्ड.

सोमवार, १९ जानेवारी १९३१. नॉर्थ जॉन स्ट्रीटवरच्या सिटी कॅफेत बुद्धिबळ क्लब जमलेला. ७:२० च्या सुमारास कॅफेत वॉलेससाठी फोन येतो. तो अजून पोचलेला नाही. क्लबचा कॅप्टन सॅम्युअल बीटी निरोप घेतो: 'आर. एम. क्वालट्रो' नावाच्या माणसाकडे उद्या संध्याकाळी ७:३० ला, २५ मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे यावं, धंद्याचं काम आहे. 'नंतर पुन्हा फोन करा' म्हटल्यावर तो मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या गडबडीत असल्याचं सांगतो. वॉलेस ७:४५ च्या आसपास येतो, निरोप घेतो, डाव खेळतो, जिंकतो.

मंगळवार, २० जानेवारी. वॉलेस निघतो. ७:०६ ला स्मिथडाउन रोड आणि लॉज लेनच्या चौकात ट्राम पकडतो, ७:१५ ला पेनी लेनला बदलतो, ७:२० च्या सुमारास मेनलव्ह गार्डन्सला उतरतो. तिथे नॉर्थ आहे, साउथ आहे, वेस्ट आहे. ईस्ट नाहीच. वाटसरूला विचारतो, वेस्टमधल्या २५ नंबरचं दार ठोठावतो, पोलिसाला विचारतो, पेपरवाल्याच्या दुकानात डिरेक्टरी चाळतो. पावणेनऊच्या सुमारास घरी परततो. पुढचं दार उघडेना, मागचंही उघडेना. एवढ्यात ३१ नंबरचं शेजारी जोडपं मागच्या बोळात भेटतं. त्यांच्यादेखत मागचं दार उघडतं. ज्यूलिया बाहेरच्या खोलीत, डोक्यावर घाव घालून मारलेली. अंगाखाली वॉलेसचाच मॅकिंटॉश रेनकोट, रक्ताने भिजलेला, थोडा जळालेला. आतल्या कपाटाचं दार उचकटलेलं, पैशांच्या पेटीतून सुमारे ४ पौंड गेलेले, पेटी मात्र परत वरच्या फळीवर. हत्यार आजतागायत सापडलेलं नाही.

२ फेब्रुवारीला अटक. २२ ते २५ एप्रिल सेंट जॉर्जेस हॉलमध्ये खटला. न्यायमूर्ती राइट यांचं समारोपाचं भाषण सुटकेकडे झुकलेलं, तरी दहा पुरुष आणि दोन बायकांच्या ज्यूरीने तासाभरात दोषी ठरवलं. फाशी. मे महिन्यात अपिलात निकाल रद्द. २६ फेब्रुवारी १९३३ ला वॉलेस आजारपणाने वारला.

आता बोला.

गोदाकाठ

रुमाल टाकून ठेवते. फोनबद्दल बरंच लिहायचं आहे.

मीटरगेज

ट्रामचं मी घेतो.

दोन टोकं पक्की करू. शेवटचं टोक भक्कम आहे: ७:०६ ची ट्राम, कंडक्टरच्या साक्षीसह. घरापासून त्या चौकापर्यंत पोलिसांनी चाचण्या घेतल्या, १७ ते २० मिनिटं लागली. म्हणजे वॉलेसला ६:४६ ते ६:४९ च्या दरम्यान घर सोडायलाच हवं. तो स्वतः 'पावणेसातला निघालो' म्हणाला होता. यात एक मेख आहे. चाचणी घेणारे धडधाकट हवालदार, पळत जाऊन ट्राम गाठणारे. वॉलेस एका मूत्रपिंडावर जगणारा, नुकताच फ्लूतून उठलेला. त्याच्या चालीने निघायची वेळ अलीकडे सरकते.

पहिलं टोक डळमळीत. ज्यूलियाला जिवंत पाहणारा शेवटचा माणूस म्हणजे चौदा वर्षांचा दूधवाला पोरगा. सुरुवातीला तो दोस्तांना पावणेसात सांगत होता. कोर्टात म्हणाला, चर्चच्या घड्याळात ६:२५ पाहिले होते. तिथून दूध घेऊन दारापर्यंतचा वेळ धरून पोलिसांनी ६:३१ काढलं. पण पेपर टाकणाऱ्या पोराने त्याच चर्चचं घड्याळ ६:३५ ला पाहिलं होतं, आणि दोनतीन मिनिटांनी दूधवाल्याला २९ नंबरच्या पायरीवर उभं पाहिलं. म्हणजे ६:३७ किंवा ६:३८.

६:३१ धरा, तर वॉलेसकडे १५ ते १८ मिनिटं. ६:३८ धरा, तर ८ ते ११. पावणेसात धरा, तर खटलाच संपला.

शंकासुर

अकरा मिनिटं कमी वाटतात, पण घाव घालायला एक मिनिटही लागत नाही.

मीटरगेज

घावांचा हिशोब सोपाच आहे हो. बाकीची कामं मोजा. ज्यूलिया बाहेरच्या खोलीत जाते, गॅसची शेगडी पेटवते (थंडीत ती खोली एरवी बंद असायची). अकरा घाव, डॉक्टरांच्या मोजणीप्रमाणे. तिचा स्कर्ट आणि रेनकोट पेटलेला, तो विझवायचा. शेगडी बंद. रक्त धुवायचं. आत येऊन कपाट उचकटायचं, पेटीतले पैसे काढायचे, पेटी उंच फळीवर परत. पुढच्या बेडरूममधलं अंथरूण विस्कटायचं. दिवे मालवायचे. हत्यार घेऊन निघायचं, आणि ते ट्रामपर्यंतच्या वाटेत अशा ठिकाणी टाकायचं की पोलिसांनी गटारं आणि मोकळी मैदानं तपासूनही मिळू नये. शिवाय ट्राममध्ये धापा टाकत चढायचं नाही.

अशक्य म्हणत नाही. पण एकही गोष्ट अडखळता कामा नये, आणि पेटलेला रेनकोट हा अडखळाच आहे.

वैद्यबुवा

रक्ताचा मुद्दा वेगळा काढायला हवा. भिंतीवर सात फुटांपर्यंत शिंतोडे होते. मारणारा कोरडा राहणं कठीण. फिर्यादी पक्षाने सुचवलं की वॉलेस उघड्या अंगावर रेनकोट घालून मारायला उभा राहिला. ऐकायला नाट्यमय, पण रेनकोटने चेहरा, केस, हात आणि नडगी झाकली जात नाही. तेवढं तरी धुवावंच लागणार. न्हाणी कोरडी होती, टॉवेल कोरडा होता, संध्याकाळी अंगावर असलेल्या सुटावर रक्त नाही. वरच्या मजल्यावर संडासच्या भांड्यावर एक गुठळी मिळाली. तोवर घरात इतके पोलीस वरखाली करत होते की ती कुणाच्या बुटाने किंवा हाताने आली हे सांगणं अवघड.

आता खरा घोळ: मृत्यूची वेळ. सरकारी पक्षाचे न्यायवैद्यक तज्ज्ञ प्रोफेसर मॅकफॉल रात्री दहाच्या सुमारास आले. त्यांनी काठिण्यावर भरवसा ठेवला. प्रेताचे स्नायू ताठरतात ते काठिण्य, साधारण मान आणि जबड्यापासून सुरू होऊन खाली उतरतं. त्यांना ते मानेत आणि डाव्या दंडात जाणवलं. त्यावरून त्यांनी 'सुमारे चार तास' असा अंदाज दिला, म्हणजे संध्याकाळी सहा.

सहा वाजता ती जिवंत होती! साडेसहानंतर तिने दूध घेतलं. सरकारी पक्षाच्याच साक्षीदाराने सरकारी डॉक्टर खोटा पाडला.

काठिण्य सुरू व्हायला दोन तास लागू शकतात, चारही लागू शकतात. बारीक अंगकाठी आणि म्हातारपण असेल तर लवकर जाणवतं. ज्यूलिया कृश होती, आणि जन्मनोंदीप्रमाणे ६९ वर्षांची, नवऱ्याला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी मोठी. खोलीचं तापमान, मरण्याआधीची झटापट, सगळं फरक पाडतं. म्हणून काठिण्य हा आधाराचा पुरावा, मुख्य नाही.

मुख्य पुरावा थर्मामीटरचा. गुदद्वारातून तापमान घ्यायचं, तासातासाने दोनतीनदा, खोलीचंही लिहून ठेवायचं, आणि उतरणीचा आलेख काढायचा. ढोबळ मानाने तासाला दीड अंश फॅरनहाइट. त्यातही चूक एखाद्या तासाची असतेच, पण ६:४० आणि ८:०० यांतला फरक निदान तोलता आला असता. मॅकफॉल यांनी थर्मामीटर लावलाच नाही. त्या एका वाचनावर वॉलेस फासावर गेला असता किंवा दुसऱ्याच दिवशी सुटला असता.

शंकासुर

मॅकफॉल यांचा पहिला अंदाज आठचा होता असंही वाचलंय.

वैद्यबुवा

हो. आठ असेल तर वॉलेस तेव्हा मेनलव्ह गार्डन्समध्ये पोलिसाशी बोलून नुकता पुढे गेलेला. पण आठच्या अंदाजालाही सहाच्या अंदाजाइतकीच किंमत द्या. सोयीचा तेवढा उचलू नका.

गोदाकाठ

रुमाल उचलते. फोन.

हा फोन शोधता आला तोच अपघाताने. तेव्हा लोकल कॉलची नोंद होत नसे. हा कॉल ॲनफिल्ड १६२७ या बूथवरून आला हे कळलं, कारण तो पहिल्या झटक्यात लागला नाही आणि एक्स्चेंजच्या सुपरवायझरबाईंनी तशी नोंद केली.

यंत्र असं चालायचं. रिसीव्हर उचलायचा, दोन पेनी आत टाकायच्या, ऑपरेटरला नंबर सांगायचा. कॅफेचा नंबर बँक ३५८१. समोरून कुणी बोललं की बटण 'ए' दाबायचं: नाणी गल्ल्यात पडतात आणि तुमचा आवाज पलीकडे जायला लागतो. कुणी उचललं नाही तर बटण 'बी': नाणी परत. (आपल्याकडच्या लाल डब्यात रुपया टाकणाऱ्या पिढीला हे पटकन कळेल.)

या माणसाने ७:१५ च्या सुमारास नंबर मागितला. थोड्या वेळाने दुसऱ्या ऑपरेटरला सांगितलं की मी बटण ए दाबलं, पण समोरचा माणूस मिळाला नाही. मग तिने पुन्हा जोडून दिलं आणि ७:२० ला कॅफेतल्या वेट्रेसने उचललं.

इथे दोन तट. एक म्हणतो, यंत्र खरंच अडलं. दुसरा म्हणतो, त्याने बी दाबून पेनी परत घेतल्या आणि 'ए दाबलं' अशी थाप मारून फुकटात कॉल करून घेतला. दुसरं खरं असेल तर स्वभाव बघा. बायकोच्या खुनाची आखणी करणारा माणूस ऑपरेटरच्या लक्षात राहील असा घोळ दोन पेनींसाठी घालेल? ही सवय टवाळ पोराची.

शंकासुर

किंवा घाबरलेल्या माणसाची. हात थरथरत असताना चुकीचं बटण दाबलं जातं. त्यात फुकटेपणा कशाला शोधायचा?

बूथ वॉलेसच्या घरापासून ४०० यार्डांवर. वॉलेस म्हणतो ७:१५ ला घरून निघालो. बूथपाशी तीनचार मिनिटांत पोचेल. फोन संपवून ट्रामने ७:४५ च्या सुमारास क्लबात. काटा बरोबर जुळतो. अख्ख्या लिव्हरपूलमध्ये शेकडो फोन असताना खुन्याने नेमका हाच निवडावा?

गोदाकाठ

निवडेल ना. तो वॉलेस घराबाहेर पडतो का यावर डोळा ठेवून असेल तर तिथूनच करेल. वॉलेस प्रत्येक सोमवारी क्लबात हजर असायचाच असं नाही. तो निघाला हे पाहूनच फोन करण्यात अर्थ होता. जवळचा बूथ दोन्ही बाजूंनी वाचता येतो, म्हणून कुणाच्याच विरुद्ध वापरता येत नाही.

आवाजाबद्दल: बीटी वॉलेसला कित्येक वर्षं ओळखत होता. हा वॉलेसचा आवाज असू शकतो का या प्रश्नावर कोर्टात त्याने तसं मानायला कल्पना फार ताणावी लागेल अशा अर्थाचं उत्तर दिलं. त्यात तो फोनवर बराच वेळ बोलला होता, नुसतं हॅलो नव्हतं. आणि अर्ध्या तासात खरा वॉलेस समोर येऊन बसला तेव्हाही त्याला काही खटकलं नाही.

सांजवात

धागा आवडला. पत्त्याबद्दल कुणीच बोललं नाही. नसलेला पत्ता कुणाच्या सोयीचा?

तिरका उंट

उत्तम प्रश्न. दोन्ही बाजू मांडतो.

बाहेरचा खुनी: खरा पत्ता दिला तर वॉलेस दार ठोठावतो, 'इथे क्वालट्रो राहत नाही' ऐकतो आणि साडेसातला माघारी फिरतो. नसलेला पत्ता माणसाला फिरवत ठेवतो. पण धोका असा की क्लबात कुणी म्हणालं असतं 'ईस्ट नाहीये', किंवा वॉलेसने आदल्या रात्री डिरेक्टरी पाहिली असती, तर बेत तिथेच आटोपला.

वॉलेस स्वतः: त्याला नसलेलाच पत्ता लागतो, कारण खरा दिला तर तिथला माणूस साक्षीदार होतो. आणि वाट विचारत फिरणं म्हणजे फुकटचे साक्षीदार. कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारणं, पोलिसाशी वेळेबद्दल बोलणं, यावर सरकारी वकील हेमरडी यांनी बराच भर दिला. त्याला चिकटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे त्याचा वरिष्ठ तिथूनच जवळ ग्रीन लेनवर राहायचा, आणि वॉलेस त्याच्याकडे पूर्वी व्हायोलिन शिकायला जात असे. 'मला हा भाग अनोळखी' हे पूर्ण खरं नाही.

उलट बाजूने, एजंटाला अनोळखी भागात पत्ता शोधताना चार जणांना विचारावंच लागतं.

शंकासुर

म्हणजे मी एकटाच वॉलेसच्या विरुद्ध?

मीटरगेज

हेतू सांगा, मीही येतो. ज्यूलियाचा विमा २० पौंडांचा. तिचे बँकेत सुमारे ९० पौंड, त्याचे स्वतःचे त्याहून जास्त. दुसरी बाई नाही, कर्ज नाही, शेजाऱ्यांनी कधी भांडण ऐकलेलं नाही.

गोदाकाठ

मग पॅरी.

रिचर्ड गॉर्डन पॅरी, २२ वर्षांचा, पूर्वी प्रुडेन्शियलमध्येच. १९२८ च्या सुमारास वॉलेस आजारी असताना त्याचे हप्ते गोळा करायचा, आणि त्यात पैसे कमी भरायचा. खुनानंतर वॉलेसने पोलिसांना ज्यूलिया घरात घेईल अशा माणसांची नावं दिली, त्यात पॅरी आणि त्याच कंपनीत काम केलेला जोसेफ मार्सडेन होते. पॅरीला पेटी कुठे असते हे माहीत. भरणा बुधवारी असतो, म्हणजे मंगळवारी रात्री पेटी भरलेली असते, हेही माहीत. त्याची हौशी नाटकमंडळी सिटी कॅफेतच तालमी करायची, म्हणजे क्लबचं सामन्यांचं वेळापत्रक भिंतीवर वाचायला मिळत होतं. फोनवर आवाज बदलून थट्टा करायची खोड. सोमवारच्या संध्याकाळबद्दल त्याने पोलिसांना सांगितलेली वेळ आणि मैत्रिणीच्या घरच्यांनी सांगितलेली वेळ जुळत नाही. मार्सडेनच्या गिऱ्हाइकांत तर आर. जे. क्वालट्रो नावाचा माणूसच होता.

पेटीत फक्त ४ पौंड मिळाले, कारण त्या आठवड्यात वॉलेस फ्लूने घरी होता आणि वसुली अर्धवट झाली होती. बाहेरच्या चोराला हे कळायला मार्ग नव्हता. वॉलेसला ते पक्कं माहीत होतं.

शंकासुर

सोमवारचा फोन पॅरीच्या गळ्यात घाला, माझी हरकत नाही. मंगळवारचं काय? संध्याकाळी साधारण साडेपाचपासून साडेआठपर्यंत तो एका परिचित बाईंच्या घरी होता, आणि तिथे एकाहून अधिक माणसांनी तसं सांगितलं. ही साक्ष सोमवारच्या तुलनेत कितीतरी घट्ट आहे. तुम्ही दोन दिवस एकत्र गुंडाळताय.

गोदाकाठ

गॅरेजवाला? त्या रात्री पॅरीने गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतबाहेर धुवून घेतली, गाडीत रक्ताळलेला हातमोजा होता, असं त्या कामगाराने सांगितलं.

शंकासुर

रेडिओवर सांगितलं १९८१ साली, खुनाला पन्नास वर्षं झाल्यानिमित्त. पॅरी १९८० साली वारल्यावर. तेव्हाच पोलिसांना सांगितलं होतं आणि त्यांनी उडवून लावलं, असं त्याचं म्हणणं. कागद नाही. खुनी माणूस तोंडओळखीच्या गॅरेजवाल्याला हातमोजा दिसू देतो आणि हत्यार कुठल्या गटारात टाकलं तेही सांगतो? पुरावा म्हणून याचं वजन किती, तुम्हीच ठरवा.

दारवंटा

फक्त कायद्याचं. अपिलात 'वॉलेस निर्दोष सिद्ध झाला' असं झालेलं नाही. १९०७ च्या फौजदारी अपील कायद्यानुसार पुराव्याच्या आधारावर टिकत नसलेला ज्यूरीचा निर्णय रद्द करता येत होता, आणि लॉर्ड हेवर्ट यांच्या पीठाने तेच केलं. खुनाच्या शिक्षेत या कारणावरून असं पहिल्यांदाच घडलं. फेरखटल्याचा हुकूम द्यायचा अधिकार तेव्हा त्या कोर्टाला नव्हता. पर्याय दोनच: फाशी किंवा घर.

आणि पॅरीवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. धाग्यात हे एकदा लिहिलेलं असावं म्हणून लिहिलं.

तिरका उंट

आभार. शंकासुर यांनी गाठ बरोबर पकडली: फोन करणारा आणि मारणारा एकच, हे आपण न तपासता धरून चाललोय. वेगळे धरले तर निदान दोन मांडण्या निघतात.

एक: फोन पॅरीचा, नुसती थट्टा. वॉलेसने तो धागा पकडून स्वतःचं काम उरकलं. एका नामवंत इंग्रज रहस्यकथा-लेखिकेने २०१३ मध्ये हेच सुचवलं. अडचण: थट्टा करणारा खून कळल्यावर गप्प का बसेल? (स्वतः अडकेल या भीतीने, हे उत्तर आहे, पण मग वॉलेसने त्या गप्प बसण्यावर आधीच हवाला ठेवला होता असं मानावं लागतं.) शिवाय अकरा मिनिटांचा फास तसाच राहतो.

दोन: फोन पॅरीचा, मंगळवारी गेला दुसराच. साडेसातच्या पुढे दार वाजतं: 'मी क्वालट्रो, आमची चुकामूक झाली वाटतं, थांबू का?' ज्यूलियाने ते नाव नवऱ्याकडून ऐकलेलं. ती त्याला बाहेरच्या खोलीत बसवते, सर्दी असल्यामुळे नवऱ्याचा रेनकोट खांद्यावर घेते, शेगडी पेटवते. तो काहीतरी निमित्त काढून आत जातो, पेटी रिकामी करून परत फळीवर ठेवतो, म्हणजे चोरी उशिरा लक्षात यावी. तिला संशय येतो. पुढचं उघड आहे. यात पेटी जागेवर का, बाहेरची खोली का, रेनकोट तिथे का, तिन्हींना उत्तर मिळतं, आणि पॅरीची मंगळवारची साक्षही तशीच राहू देता येते.

वैद्यबुवा

आणि मॅकफॉल यांच्या आठला आधार मिळतो, पण मघाशी म्हटलं ते लागू.

मीटरगेज

दुसऱ्या मांडणीत कपाटाचं दार उचकटलेलं बसत नाही. पेटी गुपचूप परत ठेवणारा माणूस शेजारचं दार मोडेल कशाला? आवाज होणार, बाई दोन पावलांवर.

तिरका उंट

खून झाल्यावर मोडलं असेल. ४ पौंड पाहून चरफडला, आणखी काही आहे का शोधायला लागला.

शंकासुर

मग वरच्या बेडरूममधल्या भांड्यातल्या नोटा का सोडल्या? त्यातल्या एका नोटेवर रक्ताचा डाग होता. हात लागला होता, तरी घेतल्या नाहीत. चोराने.

मीटरगेज

तो डाग पोलिसाचा की खुन्याचा, हे आधी ठरवायला हवं. संडासच्या गुठळीसारखंच. त्या रात्री जिन्याने कोण कोणत्या क्रमाने वर गेलं, याच्या साक्षी ओळीने लावून बघतो. शनिवारपर्यंत इथेच टाकतो.